पांचवें कारण

'घात' या शब्दाचें कुटुंब मराठींत मोठें आहे. विश्वासघात म्हटला कीं विश्वास मोडणारा कोणी तरी डोळ्यांसमोर उभा राहतो. आत्मघात म्हटला कीं घात करणारा आणि घात झालेला हे दोघे एकच, हें न सांगतां कळतें. अपघात या शब्दांत मात्र मरणारा असतो, मारणारा नसतो. गिरणींत अपघात झाला, खाणींत अपघात झाला, असें आपण म्हणतों; तो कोणी केला असें म्हणत नाहीं. पाऊस पडावा, दिवस मावळावा, तसा अपघात व्हावा, अशी या वाक्याची घडण आहे. भाषेनें कर्त्याला असें सोडून दिलें म्हणजे मनहि त्याला हळूहळू सोडून देतें. कामाच्या जागीं माणसें मरतात व पंगु होतात, त्याचें दायित्व कोणावर, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे खरा. पण त्यांतील पहिली अडचण व्याकरणाची आहे.

सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचें कारण नाहीं. १८७७ च्या सुमारास येथें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', निघाली आणि शहराचा दिवस भोंग्यावर उगवूं-मावळूं लागला. पुढें मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग शहरभर पसरले. मागांतून धोटा उसळून कामगाराच्या डोळ्याला लागणें, मागांच्या खडखडाटांत वर्षानुवर्षें काढल्यावर कान निकामी होणें, सुताच्या धुळीनें छाती भरून येणें, हें सारें अशा ठिकाणीं इतकें परिचित होऊन बसतें कीं त्याला कोणी अपघात म्हणतहि नाहीं.

अशा या शहरांत १८ मे २०२५ रोजीं पहांटे, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत, टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली. आठ माणसें गेलीं. त्यांत कामगार होते, स्त्रिया होत्या, एक लहान मूल होतें. आणि कारखान्याचे मालक व त्यांच्या घरचीं माणसेंहि होतीं, कारण मालकाचें बिऱ्हाड आणि कामगारांचें बिऱ्हाड दोन्ही त्याच आवारांत होतीं. आग आटोक्यांत आणावयास कित्येक तास लागले. तेथें कोणाचें काय चुकलें हें ठरविणें तपास करणाऱ्यांचें काम. तें या लेखाचें नव्हे. पण मालक आणि मजूर एकाच धुरांत गेले, ही गोष्ट विचार करणाऱ्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. दायित्वाविषयींचें आपलें एक आवडतें मत ती मोडून टाकते. तें मत कोणतें, हें योग्य ठिकाणीं येईल.

अशी वार्ता कानीं आली कीं आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'दैव' हा. या शब्दांत सहानुभूति असते, म्हणून त्याला एकदम दूषण देणें बरें नव्हे. परंतु ज्या परंपरेंतून आपण तो घेतों, त्या परंपरेंत त्याचें स्थान कोणतें हें पाहावें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणतेंहि कर्म घडून येण्यास पांच कारणें सांगितलीं आहेत: कर्म जेथें घडतें ती जागा, तें करणारा, त्याचीं साधनें, त्याच्या निरनिराळ्या हालचाली, आणि पांचवें दैव. दैव नाकारलेलें नाहीं. पण तें पांचव्या जागीं बसविलेलें आहे. आपण मात्र मोजणी शेवटापासून सुरू करतों आणि तेथेंच थांबतों. जागा कशी होती आणि तिच्यांतून बाहेर पडावयास वाटा किती होत्या, हें पहिलें. काम कोणाच्या हुकमानें आणि किती घाईनें चाललें होतें, हें दुसरें. यंत्रें आणि विजेच्या तारा कोणत्या स्थितींत होत्या, हें तिसरें. रोजचा परिपाठ काय होता, हें चौथें. या चौघांचे जाब घेऊन झाल्यावर जें उरेल तें दैवाच्या पदरांत घालावयास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं.

हे चार जाब न घेतल्यास काय होतें, हें खाणींच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. कारण खाणींत धोका दाट असतो आणि त्याच्या नोंदी जुन्या असतात. आपल्या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी नाहींत; त्या महाराष्ट्रांत चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या बाजूला आहेत. त्या बाजूलाच लागून छिंदवाडा जिल्हा आहे. नागपूर ज्याची राजधानी होतें त्या तेव्हांच्या मध्य प्रदेशांत तो मोडत असे. तेथील न्यूटन चिखलीच्या खाणींत डिसेंबर १९५४ मध्यें पाणी शिरून साठांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळ चासनाला येथें तसेंच पाणी घुसलें आणि पावणेचारशेंच्या सुमारास माणसें खालींच राहिलीं. त्याबद्दलच्या फौजदारी खटल्याचा निकाल लागावयास २०१२ साल उजाडलें. २ फेब्रुवारी २००१ रोजीं त्याच धनबादच्या कोळसापट्ट्यांत बागडिगी येथें २९ जण गेले. तिन्ही ठिकाणीं मारणारें एकच: शेजारच्या, सोडून दिलेल्या जुन्या खोदकामांत सांचलेलें पाणी. जुन्या खोदकामांत पाणी सांचतें हें खाणीच्या धंद्यांतल्या पोराला देखील ठाऊक असतें. तें खोदकाम आणि नवें काम यांच्यामध्यें कोळशाची जाड भिंत राखावयाची असते, हेंहि ठाऊक असतें. सत्तेचाळीस वर्षांत तीन वेळां एकाच वाटेनें येणाऱ्या संकटाला दैव म्हणणें हा दैवाचाच उपमर्द आहे. दैव इतकें एकमार्गी नसतें.

दैवाचा आसरा सुटला म्हणजे दुसरा आसरा संमतीचा. कामगारानें धोका जाणूनच काम पत्करलें, त्या धोक्याचा मोबदला त्याच्या मजुरींत आला, मग मागाहून तक्रार कसली? हा युक्तिवाद जुना आहे व अगदींच पोकळ नाहीं. १७७६ सालीं ॲडम स्मिथनें दाखविलें कीं कोळसा खणणारा साधा मजूर आठ तासांत जें मिळवितो तें लोहारकामाच्या कारागिराला बारा तासांतहि क्वचितच मिळतें. कारण लोहाराचें काम कमी घाण, कमी धोक्याचें आणि उजेडांतलें. १८३७ सालीं इंग्लंडांतील न्यायालयानें याच विचाराला कायद्याचें रूप दिलें. एका खाटकाच्या नोकराची, वाजवीपेक्षां जास्त भरलेली गाडी मोडून, मांडी मोडली. न्यायालयानें म्हटलें कीं गाडीच्या अवस्थेची कल्पना नोकराला धन्याइतकीच असणार, आणि भय वाटल्यास काम नाकारावयास तो मोकळा होता.

सारा प्रश्न या 'मोकळा' शब्दांत आहे. ज्याच्या घरीं उद्यांची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याच्या मोकळेपणाला काय म्हणावें? पण हें उत्तर बाजूला ठेवलें आणि त्याची संमति खरी होती असें धरलें, तरीहि युक्तिवाद पुरा पडत नाहीं. कोंकणांतला खलाशी दर्यावर जातो तेव्हां तो तुफान पत्करतो. तळाला भोंक पडलेलें गलबत पत्करीत नाहीं. कामाच्या अंगचा धोका वेगळा आणि कामावर लादलेला धोका वेगळा. जमिनीखालीं काम करणें हें मुळांतच जोखमीचें आहे, आणि जगाला कोळसा व धातु पाहिजेत तोंवर ती जोखीम कोणी तरी घेणारच. त्या जोखमीला कामगारानें होकार दिला असें म्हणतां येईल. भिंत पातळ केली जाईल, आग विझविण्याचें साधन गंजूं दिलें जाईल, दाराशीं मालाचे गठ्ठे रचले जातील, याला त्यानें होकार कधींच दिलेला नसतो. त्याला तें कोणी विचारलेलेंच नसतें.

तिसरा आसरा भरपाईचा. १९२३ सालीं आपल्याकडे मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि कामामुळें इजा झाली एवढें ठरलें कीं बहुतेक प्रसंगीं धन्याचा दोष न शोधतां पैसे मिळूं लागले. हा सुधारणेचा मोठाच टप्पा होता. २०२० सालीं मंजूर झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनें, ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आल्यापासून, त्या कायद्याची जागा घेतली आहे. जुन्या कायद्याला शरीराचा एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली असें धरावें. तर्जनी गेल्यास शेंकडा १४. करंगळी गेल्यास शेंकडा ७. असा तक्ता लागतोच. तो नसेल तर जखमी हात घेऊन गरीब माणसाला प्रत्येक बोटासाठीं घासाघीस करावी लागेल.

पण तक्ता वाचतांना एकलव्य आठवल्यावांचून राहत नाहीं. द्रोणाचार्यांनीं मागून घेतलेला अंगठा शेंकडा तीस नव्हता. त्या मुलाची सगळी विद्या, सगळा पुढचा जन्म त्या एका अंगठ्यांत होता. तुटलेला धागा चिमटींत धरून क्षणांत गांठ मारणाऱ्या विणकराचा अंगठा तसाच असतो. कांट या तत्त्ववेत्त्यानें किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे: ज्याच्या जागीं दुसरें तितकेंच कांहीं ठेवतां येतें त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागीं कांहींच ठेवतां येत नाहीं त्याला प्रतिष्ठा असते. तक्ता किंमत सांगतो. प्रतिष्ठा तक्त्यांत बसत नाहीं, आणि बसावी अशी अपेक्षाहि नाहीं. फक्त किंमत दिली म्हणजे सर्व दिलें, असें देणाऱ्यानें समजूं नये. यंत्राला जाळी बसविण्याचा खर्च आणि वर्षांतून एखाद्या बोटाची भरपाई यांचा हिशेब मांडून जो भरपाई स्वस्त म्हणून निवडतो, तो देणें फेडीत नाहीं. तो बोट विकत घेतो. मोठ्या दुर्घटनेनंतर सरकार जें देतें त्याला 'सानुग्रह अनुदान' असें नांव आहे. देणाऱ्याचा हेतु चांगला असतो, आणि घेणाऱ्याच्या घरीं त्या पैशाचें मोल फार असतें. तरी पण मृताच्या वारसाला जें मिळावयाचें तें अनुग्रह म्हणून मिळावें कीं हक्क म्हणून, हा विचार त्या शब्दानें मनांत उभा केल्यावांचून राहत नाहीं.

हे तीन आसरे अपुरे पडल्यावर सात्त्विक मनाला एक उपाय पटकन सुचतो, आणि दायित्वाविषयींचें आपलें आवडतें मत म्हणून वर ज्याचा उल्लेख केला तें हेंच: जो धोका ठरवितो त्यानेंच तो सोसावा. मालक कारखान्यांत राहूं लागला, खाणीचा संचालक रोज खालीं उतरूं लागला, म्हणजे सर्व कांहीं आपोआप सुधारेल. हा विचार मानवजातीइतका जुना आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत, घर कोसळून घरधनी मेल्यास बांधणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितलेली होती. न्यायाच्या दृष्टीनें यांत कांहीं खोट नाहीं. दुसऱ्याच्या जिवावर आपला नफा मांडणें हें पाप आहे, आणि स्वतः त्या जागीं उभा राहणारा निदान त्या पापांतून तरी सुटतो.

सोलापूरच्या आगीनें तडा दिला तो याच मताला. तेथें धोका वांटलेला होता. घरांतलें सर्वांत लाडकें माणूसहि त्याच छपराखालीं निजलेलें होतें. याहून अधिक आपलेपणा कोणत्या कायद्यानें निर्माण करावा? आणि तरीहि आठ जीव गेले. धोका वांटून घेतल्यानें तो न्याय्य होतो. पण तेवढ्यानें कमी होत नाहीं. मालक दूर राहतो तेव्हां निष्काळजीपणाचें कारण स्वार्थ असतें, असें आपण धरून चालतों. पण माणूस जवळ राहतो तेव्हां दुसराच एक शत्रु कामाला लागतो. त्याचें नांव संवय. काल कांहीं झालें नाहीं, परवां झालें नाहीं, दहा वर्षें झालें नाहीं, म्हणून आजहि होणार नाहीं, असें संवय कानांत सांगत असते. आणि विशेष हें कीं ती धन्याला व मजुराला, सुष्टाला व दुष्टाला, सारख्याच गोड आवाजांत सांगते. स्वार्थाला लाज वाटविता येते. संवयीला लाज नसते, कारण आपण कांहीं वाईट करीत आहों असें तिच्या मनांतहि नसतें.

संवयीचा पराक्रम पाहावयाचा तर पुन्हां खाणींकडेच वळावें. इंग्लंडमध्यें १८१२ सालीं फेलिंगच्या खाणींत वायूचा स्फोट होऊन नव्वदांहून अधिक माणसें व मुलें गेलीं. त्यानंतर, १८१५ सालीं, सर हम्फ्री डेव्ही यानें तारेच्या जाळीचा तो प्रसिद्ध दिवा शोधून काढला, ज्यांतून ज्योत बाहेरच्या वायूला पेटवूं शकत नसे. त्यानें त्याचें पेटंटहि घेतलें नाहीं. असें असतांहि पुढल्या वीस वर्षांत खाणींतील मृत्यु घटले नाहींत. १८३५ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें आलेले आंकडे उलट वाढ दाखवीत होते. कारण सोपें होतें. दिवा हातांत आला म्हणून ज्या वायुभरल्या जागा पूर्वीं भयानें सोडून दिल्या होत्या त्यांत माणसें पाठविण्यांत येऊं लागलीं, आणि दिवा आहे म्हणून हवा खेळती ठेवण्याकडे दुर्लक्ष झालें. सुरक्षिततेचें साधन हेंच निश्चिंततेचें निमित्त झालें.

तेव्हां नीतीला येथें काय सांगावयाचें आहे? सहृदय व्हा, एवढें पुरत नाहीं. सोलापूरला सहृदयतेचा अभाव होता असें कोण म्हणेल? धोक्याच्या कामांत खरें कर्तव्य संशयाचें आहे. एरवीं संशय हा दुर्गुण. पण येथें तो सद्गुण आहे, आणि तो मनाच्या लहरीवर न सोडतां रोजच्या परिपाठांत बांधून टाकावयाचा असतो. कोळशाच्या खाणींत 'सरदार' या नांवाचा एक हुद्दा आहे. पाळी सुरू होण्यापूर्वीं यानें कामाच्या जागीं जावें, वायु तपासावा, डोक्यावरचें छत काठीनें ठोकून पाहावें. आवाज भरीव आला तर छत धड, पोकळ आला तर तें सुटत चाललें आहे असें समजावें. काल तपासलें होतें हें आज चालत नाहीं. छत पडेल अशी कोणाचीहि अपेक्षा नसते; तरी तें ठोकावयाचेंच. या लहानशा रिवाजांत जितकें नीतिशास्त्र आहे तितकें मोठमोठ्या व्याख्यानांत सांपडत नाहीं. माणसाचें मन विसरणार, हें गृहीत धरून त्याच्या विसरण्यावर पहारा बसविणें, हा त्याचा अर्थ.

यावर आक्षेप येईल कीं असे नियम चासनाल्याच्या काळींहि होते. होते, कारण नियमालाहि संवय लागते. जागेवर न जातां वहींत सही होते, आणि सही झाली म्हणजे तपासणी झाली असें ठरतें. म्हणून संशय घेणारा डोळा कांहीं अंशीं बाहेरचा असावा लागतो, ज्याला त्या जागेची संवय नाहीं आणि त्या दिवसाच्या उत्पन्नांत ज्याचा हिस्सा नाहीं. मजूर खात्याचे सभासद असतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्यें धनबादला जाऊन स्वतः खाणींत उतरले. कागदांवर जें दिसत नाहीं तें पाहावयाचा दुसरा मार्ग नाहीं. आणि बाहेरच्या डोळ्याइतकाच आंतला आवाज महत्त्वाचा. ज्या कामगाराला छताचा आवाज पोकळ वाटला, ज्याला तार तापलेली दिसली, त्यानें काम थांबविल्यास त्याची त्या दिवसाची मजुरी बुडतां कामा नये. असें झालें तरच १८३७ च्या त्या न्यायालयानें वापरलेला 'मोकळा' हा शब्द खरा होईल.

लहान धंद्याला हा बोजा कसा परवडावा, असा प्रश्न सोलापुरांत कोणीहि विचारील, आणि तो अप्रामाणिक नाहीं. विजेवर चालणाऱ्या जागेला कायद्यानें 'कारखाना' ठरावयास पूर्वीं दहा कामगार पुरत. महाराष्ट्रानें आधीं, आणि आतां नव्या संहितेनें देशभर, तो आंकडा वीसवर नेला आहे. त्यामागील हेतु लहानांना कागदपत्रांच्या जाचांतून सोडविण्याचा. पण कागदांतून सोडविणें आणि काळजींतून सोडविणें यांत गल्लत होऊं नये. आग लागण्यापूर्वीं हजेरीपट पाहत नाहीं. लहान कारखानदाराला दंडापेक्षां मदतीची गरज अधिक असेल. तपासनीस त्याच्याकडे पावती-पुस्तक घेऊन न येतां सल्ला घेऊन आला तर चालेल. दुसरें दार, धड असलेल्या तारा आणि मालाच्या गोदामापासून वेगळी निजण्याची जागा, एवढें मात्र एकोणीस कामगारांनाहि लागतें आणि दोघांनाहि लागतें.

शेवटीं हें वाचणाऱ्या कुटुंबांविषयीं. आपण ना गिरणीचे मालक ना खाणीचे. त्यामुळें हा प्रश्न आपल्या उंबऱ्याबाहेरचा, असें वाटणें साहजिक आहे. परंतु आपल्या न्हाणीघरांत सोलापूरचा टॉवेल टांगलेला असतो आणि डोक्यावरचा पंखा बहुधा कोळशाच्या विजेवर फिरतो. ह्या वस्तु वापरणें सोडून द्यावें असा याचा अर्थ नाहीं. त्यानें कोणाचेंच भलें होणार नाहीं. मात्र स्वस्त मिळालेल्या वस्तूंत कोणाचें तरी न बसविलेलें दार असूं शकतें, हें जाणून असावें, आणि तें दार बसविण्यानें किंमत चार पैसे वाढली तर कुरकुर करूं नये. शिवाय आपणहि अधूनमधून लहानसे धनी होतों. घराला रंग देणारा तिसऱ्या मजल्यावर बांबूच्या पराच्यावर उभा असतो, मोलकरीण खिडकीबाहेर वांकून कांच पुसते, सेप्टिक टाकी उपसावयास माणूस बोलावला जातो. त्या वेळीं 'ते रोजच करतात, त्यांना संवय आहे' हें वाक्य आपल्या ओठांवर येतें. तें वाक्य तेथेंच आंवरावें, बाहेर जाऊन दोर कोठें बांधला आहे तो पाहावा, आणि बांधलेला नसेल तर काम थांबवावें.